बोरमाळाच्या तलावातले झिंगे

जून १९८६

प्रिय दादा,

जय भीम. तुझं कार्ड येऊन बरेच दिवस झाले. त्यात नेहमीचंच होतं, आईची तब्येत कशी आहे, डोळ्यांना किती दिसतं, तुझ्या मेव्हण्याला, बब्रुवानला, काम मिळतंय का. गावाचं एक अक्षर नाही. पुण्याला गेल्यावर पहिल्याच पत्रात तू मला बजावलं होतंस की गावातलं काही कळवत जाऊ नकोस, मला ऐकायचं नाही. ते मी आजवर पाळलं. कोण गेलं, कुणाचं लग्न झालं, सरपंच कोण झाला, काही लिहिलं नाही. आज मात्र मी गावाचंच लिहायला बसले आहे, आणि थोडंथोडकं नाही. रागानं तू कागद फाडशील हे मला ठाऊक आहे. एवढंच मागते की आधी शेवटपर्यंत वाच.

गावाचं म्हणजे खरं तर झिंग्यांचं. तिकडं तुम्ही त्याला कोळंबी म्हणत असाल. आपल्या बोरमाळावरच्या तलावात आम्ही माशांबरोबर झिंगे वाढवतो. वाचून हसू नकोस. जिथं प्यायच्या पाण्यासाठी रांगा लावल्या त्या माळावर झिंगे, हे मलाही पहिल्यांदा ऐकताना थट्टाच वाटली होती.

तलाव तू भरलेला कधी पाहिला नाहीस. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात आपण तिघं त्यावर होतो, तू टिकाव मारायचास, मी आणि आई पाट्या वाहायचो, आणि दुपारच्या सुट्टीत सुकडीची ती पिवळी भुकटी पाण्यात कालवून खायचो. त्यावेळी आपल्याला सगळ्यांना वाटायचं की सरकार नुसतं हाताला काम द्यायचं म्हणून माती इकडची तिकडं करतंय, इथं कधी पाणी साठायचं नाही. तू गेलास त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते साठलं. मी बांधावर जाऊन पाहिलं तर आभाळ खाली उतरून पसरल्यासारखं दिसत होतं, आणि आपण ज्या दगडावर बसून भाकरी खायचो तो दगड पाण्याखाली गेला होता. तेव्हा तुला लिहावंसं फार वाटलं होतं.

तीन वर्षांमागं आपल्या वस्तीतली माणसं आणि गावातली बिनजमिनीची आणखी काही घरं, गोरोबा कुंभार त्यातलाच, अशी मिळून आम्ही माशांची सहकारी संस्था काढली. ज्यांनी तलाव खांदला त्यांनीच त्यात मासे पाळायचे. मी बालवाडी चालवते आणि सातवीपर्यंत शिकले, म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं. पहिली दोन वर्षं नुसते मासे सोडले. आमच्यात कुणाला पोहताही येत नव्हतं, दादा. बब्रुवान गळ्याला दोन रिकामे डबे बांधून जाळं ओढायचा. मग गेल्या पावसाळ्यात मत्स्यखात्याचे सावंत साहेब आले. ते मालवणकडचे, वयानं आपल्याहून लहान. बांधावर उभं राहून ते म्हणाले की तुमच्या तलावाचे वरचे मजले भरलेत आणि तळमजला मोकळा आहे. कटला मासा वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ खालचं. त्यांच्या तोंडातून सांडलेलं, तळाशी गाळात बसलेलं जे आहे, त्यावर झिंगा जगतो. एकाचं दुसऱ्याच्या वाट्यात काही जात नाही. हे ऐकून गोरोबा हळूच म्हणाला, “साहेब, पाण्यात ह्ये जमतंय व्हय?” साहेबांना त्यातली खोच कळली नाही. आम्हाला कळली.

झिंग्यांचं बी कोकणातून जीपनं आलं. हवा भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर ओली पोती. जळकोटच्या स्टँडवर उतरवून घेताना लोक विचारत होते की नुसतं पाणी कुठनं विकत आणलंत. मी एक पिशवी उन्हाकडं धरून पाहिली. मलाही नुसतं पाणीच दिसलं. मग नजर स्थिरावल्यावर काळे ठिपके दिसले, दोन दोन जोडीनं. डोळे होते ते. अंग काचेसारखं आरपार, त्यामुळं दिसत होते ते फक्त डोळे, आणि ते माझ्याकडं बघत होते. साहेबांनी सांगितल्याप्रमाणं पिशव्या आधी तशाच तलावात तरंगत ठेवल्या, आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. मग तोंडं सोडली. ते पोहत गेले नाहीत, दादा, चालत गेले. काठाच्या गाळावरून, तेवढ्याशा पायांनी, तलावात चालत गेले, आणि दोन पावलांवर दिसेनासे झाले.

आई माझ्या शेजारी बसली होती. तिला आता समोरचं धुक्यातल्यासारखं दिसतं, म्हणून मी जे दिसेल ते सांगत होते. ती साहेबांना म्हणाली, “ह्यांची आई कुठं असती?” साहेबांनी तिला नीट सांगितलं. हा झिंगा वाढतो गोड्या पाण्यात, नदीत. पण अंडी पिकायला लागली की मादी प्रवाहाबरोबर खाली खाली जाते, जिथं नदी समुद्राला मिळते त्या खाऱ्या पाण्यापर्यंत. पिल्लं तिथंच जगतात. थोडी मोठी झाली की तीच पिल्लं उलट्या पाण्यानं नदीत वर चढतात. आईनं हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “म्हंजी जलमलं एकीकडं, आन वाढाय दुसरीकडं जायाचं. ठरलेलंच हाय का त्येंचं?” साहेब म्हणाले, हो आजी.  मला कळलं आई कुणाचा विचार करत होती, तुलाही कळेल.

दिवाळीच्या सुमारास एकदा मी पार खचले होते. काठाला झिंगे मरून पडलेले दिसले. एक नाही, ओळीनं. डोकं, मिशा, पाय, शेपूट, सगळं जिथल्या तिथं, पण हातात घेतलं तर कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा हलकं. मला वाटलं कुणीतरी तलावात औषध टाकलं. तसं बोलणारे गावात होतेच, की ह्यांना तलाव दिलाच कसा. मी तिथंच बसून रडायला लागले. झिंग्यांना लपायला म्हणून गोरोबानं आपल्या भट्टीवरची फुटकी मडकी तळात टाकली होती. त्यानं पाण्यात उतरून त्यातलं एक उचललं आणि हाक मारली, “सत्याबाई, हिकडं ये.” मडक्याच्या आत एक झिंगा होता, बाहेर पडलेल्यापेक्षा मोठा, जिवंत, आणि इतका मऊ की बोट लावायला भीती वाटावी. अंगावरचं कवच त्याला अपुरं पडलं म्हणून त्यानं ते टाकून दिलं होतं, मिशांच्या टोकांसकट, डोळ्यांवरच्या काचांसकट. काठाला पडलेले ते सगळे मेलेले नव्हते, वाढलेले होते. साहेबांनी हे आम्हाला आधी सांगितलं होतं म्हणे, पण ऐकणं वेगळं आणि तळहातावर धरणं वेगळं. मी ते रिकामं कवच घरी नेऊन आईच्या हातात दिलं. तिनं ते बोटांनी चाचपून पाहिलं, डोळ्यांची जागा, पायांची जागा, आणि बराच वेळ हातात धरून बसली.

आता उन्हाळ्याचं सांगते. गेल्या साली पाऊस कमी पडला हे तू पेपरात वाचलंच असशील. फेब्रुवारीतच विहिरी तळाला गेल्या. तलाव आटत आटत बांधाच्या पोटाशी, जिथनं आपण मुरूम काढला होता त्या खड्ड्यापुरता उरला. मासे आणि झिंगे सगळे त्यात. जूनच्या आत काढून विकायचे असं ठरलं होतं, तोवर पाणी टिकणं एवढीच काळजी होती. आणि पलीकडच्या काठावर आण्णासाहेबांनी आपलं इंजन आणून बसवलं.

हे नाव तुला वाचायचं नाही हे मला ठाऊक आहे, दादा. त्यांची मोसंबीची बाग वाळत होती. मी बागेवरनं जायचे तेव्हा पाहत होते, वर्षानुवर्षं जपलेली झाडं उभ्या उभ्या पिवळी पडत होती, आणि ते म्हातारपणी एकेका झाडाखाली जाऊन उभे राहायचे. मला त्यांची कीव येत नव्हती असं मी म्हणणार नाही. पण पाणी आमच्या हक्काचं होतं आणि इंजन रोज सकाळी धडधडायचं. आम्ही तहसीलला अर्ज केला, अर्जाचं उत्तर आलं नाही. बब्रुवान आणि मी त्यांच्या घरी सांगायला गेलो. ते ओसरीवर बसून होते, आम्ही अंगणात. ते म्हणाले, “माझी झाडं तुमच्या किड्यांसाठी मारू का?” आम्ही परत आलो. परत येताना वाटेत ती विहीर लागते.

त्या विहिरीवरनं आम्ही तसेच पुढं निघालो. पण मला ती दुपार दिसली. टँकर आला नव्हता, आई कामावर चक्कर येऊन पडली होती, मी तिच्या तोंडावर पदरानं वारा घालत होते, आणि तू घागर घेऊन सरळ त्या विहिरीवर गेलास. आण्णासाहेबांच्या माणसांनी तुला तिथं मारलं. ते स्वतः कट्ट्यावर उभे होते, आणि पाणी शेंदणाऱ्या साऱ्या गावातलं एकही माणूस मधे पडलं नाही. तू रक्ताळलेल्या तोंडानं आईजवळ आलास, हात रिकामे. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास. जाताना म्हणालास की ह्या गावाच्या पाण्याला पुन्हा शिवणार नाही. हे तुला नव्यानं सांगायला नको होतं, पण पुढचं सांगायचं तर हे मधे आल्यावाचून राहत नाही.

मे सरत आला होता. चार दिवस आभाळ भरून यायचं आणि तसंच राहायचं, थेंब नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. पाचव्या दिवशी उजाडताना बब्रुवान तलावाकडं गेला आणि पळत परत आला. तो पळणारा माणूस नाही, तुला ठाऊक आहे. दारात उभा राहून म्हणाला, “झिंगे बाहेर निघालेत. चालत.”

मी गेले तेव्हा जे पाहिलं ते कसं लिहू हे मला अजून समजत नाही. खड्ड्याच्या चारी बाजूंनी पाण्याची कड हलत होती. झिंगे होते, सगळे. अर्धे पाण्यात, अर्धे ओल्या चिखलावर, खांद्याला खांदा लावून. ते एवढे झालेत हे मला तोवर माहीतच नव्हतं, तळातून ते कधी वर आले नव्हते. हातभर लांब मिशा, आणि मोठ्या नरांचे ते लांब हात, निळे, मोराच्या मानेसारखे निळे. ज्यांना मी पिशवीत नुसते डोळे म्हणून पाहिलं होतं ते हे. ते पळत नव्हते, एकमेकांशी भांडत नव्हते, आमच्या सावलीला घाबरत नव्हते. नुसते बसले होते. आणि त्यांच्या मागं सगळ्या पाण्यावर माशांची तोंडं, उघडत होती, मिटत होती. गुरं पाणी पिताना येतो तसला मऊ आवाज साऱ्या तलावातून येत होता. भीती मला नंतर वाटली, दादा. आधी मी हात जोडून उभी राहिले होते, कुणाला ते मला माहीत नाही.

मग साहेबांचं बोलणं आठवलं. त्यांनी सांगून ठेवलं होतं की पाण्यालाही श्वास असतो. दिवसा उन्हात तो तयार होतो, रात्रभर सगळे मिळून तो वापरतात. पाणी थोडं, जीव जास्त, वर ढग आणि वारा पडलेला, असं झालं की पहाटेला तो संपतो. मग एकच करायचं, पाणी बडवायचं, उचलून उंचावरनं ओतायचं, हवा मिसळेपर्यंत थांबायचं नाही. बब्रुवान लिंबाचा डहाळा घेऊन उतरला. गोरोबानं सुनेला पाठवून घरातली होती नव्हती ती सगळी मडकी आणवली. आम्ही संस्थेची माणसं पाण्यात उतरून ओतायला लागलो. पण आम्ही होतो किती, आणि तो खड्डा केवढा. एका कोपऱ्यात जरा फेस आला की दुसऱ्या कोपऱ्यात मासे आडवे पडायला लागायचे. माझे खांदे भरून आले. मला वाटायला लागलं की हे आता आपल्या डोळ्यांदेखत जाणार.

तेवढ्यात आण्णासाहेबांच्या पत्नी मालनबाई म्हशी घेऊन काठाला आल्या. कमरेवर घागर होती, त्यांची विहीर आटल्यापासून त्या इथनंच पाणी नेऊन गाळून वापरायच्या, पण आमच्यापासून लांब, पलीकडच्या अंगाला भरायच्या. झिंगे पाहून त्या जागीच थांबल्या. म्हणाल्या, “काय झालं गं सत्यभामा, कुणी इख घातलं का?” मी म्हटलं, “न्हाय बाई, पाण्यातला श्वास सरलाय. हवा घालायला लागतीय.” त्या पाण्याकडं बघत राहिल्या. माशांची ती तोंडं बघत राहिल्या. मग त्यांनी लुगडं वर खोचलं आणि आमच्या बाजूनं, माझ्या शेजारी, पाण्यात उतरल्या. ती घागर, प्यायच्या पाण्याची, बुडवून भरली आणि मला विचारलं, “अशी वतू?” मी म्हटलं, “अजून वरनं बाई, डोक्याच्या वरनं.” त्यांनी डोक्याच्या वरनं ओतली.

त्यानंतर कोण कसं आलं हे मला नीट सांगता येणार नाही. सकाळची वेळ, माणसं डबे घेऊन माळावर निघालेली, कुणी जनावरं घेऊन, कुणी पाण्याला. जे आले ते आधी बांधावर थबकले, खाली पाहिलं आणि उतरले. कुणी कुणाला बोलावलं नाही. केशरबाई उतरली, तिच्या जावा उतरल्या. माणिकप्पा वाणी धोतर सोडून नुसत्या चड्डीवर उतरला, एरवी त्याला बघून हसू आलं असतं. कुणाच्या हातात घागर, कुणाच्या हातात परात, कुणी नुसत्या ओंजळी भरून वर फेकत होतं. त्या खड्ड्यात पाय ठेवायला जागा राहिली नाही. माणसं एकमेकांना घासत होती, एकाचं पाणी दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या तोंडावर उडत होतं. कुणी पुसत नव्हतं. मी मधे उभी राहून सांगत होते, तिकडं ओता, त्या कोपऱ्यात कमी पडतंय, आणि लोक माझं ऐकत होते. झिंगे आमच्या घोट्यांना मिशा लावून तसेच बसले होते. सगळं गाव एका पाण्यात होतं, दादा, आणि ते पाणी आपलं होतं. 

आई काठी टेकत बांधावर आली होती. तिला गलका ऐकू येत होता, दिसत काही नव्हतं. तिनं मला हाक मारली, “सत्या, कोण कोण हाय पाण्यात?” मी ओतत ओतत सांगायला लागले. आपला बब्रुवान. गोरोबा. तिनं विचारलं, “आन?” मी म्हटलं, केशरबाई. माणिकप्पा. “आन?” मी एकेक नाव घेत गेले, त्या दुपारी विहिरीवर बघत उभी होती तीच बरीचशी. प्रत्येक नावावर ती मान हलवायची आणि पुन्हा विचारायची, “आन?” मालनबाईंचं नाव घेतलं तेव्हा ती जरा थांबली. मग म्हणाली, “आन आण्णासाहेब?” मी वर पाहिलं. ते बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, कधी आले कुणास ठाऊक. मी म्हटलं, “बांधावर हायती.” आई म्हणाली, “बरं,” आणि खाली बसली.

ते पाण्यात उतरले नाहीत. तेवढं खरं ते तुला सांगते. पण त्यांचा गडी सिदू इंजन सुरू करायला वाकला होता, त्याला त्यांनी बांधावरनंच हाक दिली, “सिदू, पाइप बागंतनं काढ. तोंड तलावात कर.” सिदूला आधी उमगलंच नाही, दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग इंजन धडधडलं आणि ज्या पाइपातून आमचं पाणी जात होतं त्याच पाइपातून ते पांढरं होऊन उंच उडून परत तलावात पडायला लागलं. त्याचा तुषार बांधापर्यंत येत होता. आण्णासाहेबांनी तो चुकवला नाही, आईनंही नाही. एका बांधावर ती दोघं, दोन टोकांना, भिजत होती.

ऊन वर आलं आणि जरासा वारा सुटला. आधी माशांची तोंडं खाली गेली, एकेक करून. मग झिंगे वळले. घाई नाही, गडबड नाही, जसे आले तसे चालत आत गेले. निळे हात सगळ्यात शेवटी दिसत होते, तेही दिसेनासे झाले, आणि पाणी नुसतं पाणी राहिलं. काही मेले, पण थोडे. आम्ही सगळे कमरेएवढ्या पाण्यात उभे होतो. कुणी जयजयकार केला नाही. बाया पदर पिळायला लागल्या, माणसं खाली बघत बाहेर निघाली. मालनबाईंची घागर भरलेली होती. मला वाटलं ती त्या ओतून टाकतील आणि घासून घेतील. त्यांनी ती तशीच कमरेवर घेतली आणि घरी गेल्या.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही, तू ते मानणारही नाहीस. देवळापुढचा पार ज्यांचा होता त्यांचाच अजून आहे. इंजनही चार दिवसांनी पुन्हा सुरू झालं. पण त्या आधी सिदू माझ्या दाराशी आला होता, विचारत होता की मालकानं विचारलंय, आज घंटाभर उचललं तर चालंल का. बब्रुवान आणि मी एकमेकांकडं पाहिलं, आणि घंटाभर उचला म्हटलं. गेल्या आठवड्यात आम्ही जाळं ओढलं. मासे जळकोटला हायवेवरच खपले, झिंगे बर्फात घालून एसटीनं सोलापूरला गेले. आम्ही एक पाटी मागं ठेवली आणि त्या सकाळी पाण्यात उतरलेल्या प्रत्येक घरी वाटा दिला. ज्यांच्याकडं चालत नाही त्यांनी घेतला नाही, पण दारात बसवून चहा दिला. आण्णासाहेबांकडं नेऊन द्यावं की नाही यावर आमची संध्याकाळभर चर्चा झाली. शेवटी मीच नेऊन दिला. मालनबाईंनी घेतला.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. त्या सकाळपासून आई गप्प होती. जेवायची, झोपायची, कुणाशी बोलायची नाही. मला वाटलं भिजून ताप आला असेल. परवा तिनं मला जवळ बसवलं आणि म्हणाली, “व्यंकटला लिही.” मी समजले की तुला ये म्हणून लिहायचं आहे, जे मी तेरा वर्षं लिहीत आले आणि तू उत्तर देत नाहीस. ती म्हणाली, “त्यो ये म्हनून न्हाय. म्या येते म्हनून लिही.” दादा, तू किती वेळा तिला न्यायला माणसं पाठवलीस, डोळ्यांच्या डॉक्टरचं लिहिलंस, ती आली नाही. तुझ्या लग्नाला आली नाही, नातीचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. तुला वाटतं की तू पळून गेलास म्हणून ती तुझ्यावर रागावली आहे. वहिनीनं मला ते एकदा सांगितलं होतं, तू रात्री जागा असतोस हेही सांगितलं होतं. तसं नाही, दादा. मी तिला विचारलं, मग इतकी वर्षं का थांबलीस. ती म्हणाली, “माज्या लेकाला मारून हाकललं. मागनं म्या बी निघाले असते, तर ह्या गावाला वाटलं असतं झालं, संपलं. म्हनून रोज त्येंच्या म्होरनं चालत ऱ्हायले. कशाची वाट बघतीया ते मलाबी ठावं नव्हतं. त्या दिशी तू नावं घेत हुतीस, तवा कळलं. आता थांबायचं कारन न्हाय. मला लेकाकडं न्हेऊन घाल.” येत्या रविवारी बब्रुवान तिला घेऊन निघेल, संध्याकाळपर्यंत पुणे स्टेशनच्या स्टँडवर उतरतील. तू तिथं ये, वहिनीला आणि पोरीलाही आण. गर्दीत आईला तू दिसणार नाहीस. आणि तेरा वर्षांत तुझा आवाज किती बदललाय हे तिला माहीत नाही, ती वाटेत त्याचीच धास्ती घेऊन बसेल. म्हणून ती एसटीच्या पायरीवर दिसली की जवळ यायची वाट बघू नकोस. लांबूनच हाक मार.

तुझीच धाकटी,
सत्या